इन्स्टॉल झालं, पण डेटास्टोअर गेला कुठे? पर्क एच३१० आणि ईएसएक्सआय ७.० चं एक प्रकरण

एका चार्टर्ड अकाउंटंट फर्मचं ऑफिस. नाव देत नाही, कारण त्यांचा यात काही दोष नाही. सर्व्हर डेलचा पॉवरएज आर७२०, रिफर्बिश्ड घेतलेला. त्यावर व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय ६.७ (एकाच यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरव्हायजर) आणि त्याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीन: डोमेन कंट्रोलर, फाइल सर्व्हर आणि टॅलीचा विंडोज सर्व्हर. चार डिस्कचं रेड १० (एक डिस्क बिघडली तरी डेटा राहावा म्हणून प्रती ठेवणारी रचना), तेही पर्क एच३१० मिनी या डेलच्या रेड कार्डावर. ईएसएक्सआय मात्र त्या डिस्कवर नव्हता. तो सर्व्हरच्या आतल्या एसडी कार्डवर बसवलेला होता. त्या काळात हे सर्रास चालायचं. हायपरव्हायजर एसडीवर टाकायचा आणि महागड्या डिस्क पूर्णपणे डेटाला मोकळ्या ठेवायच्या. पुढे जे झालं त्यात ही बारीकशी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरली.

१५ ऑक्टोबर २०२२ ला ६.५ आणि ६.७ चा जनरल सपोर्ट एकदमच संपला. ऑफिसचं एएमसी सांभाळणाऱ्या मुलाने त्यानंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी अपग्रेड करायचं ठरवलं. घाई अनाठायी नव्हती. सुरक्षेचे पॅच मिळणार नसतील तर त्या आवृत्तीवर बसून राहणं बरं नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. त्याने डेलसाठी बनवलेला ७.० चा आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची फाइल, घेतला, पेनड्राइव्हवरून बूट केला, एसडी कार्ड निवडलं, अपग्रेड म्हटलं. मध्ये एक इशाऱ्याचा पडदा आला, तो एंटर दाबून पुढे ढकलला. शेवटी अपग्रेड यशस्वी झाल्याचा संदेश आला. रीबूट झाल्यावर पिवळा-करडा पडदा, आयपी पत्ता, सगळं जागच्या जागी. ब्राउझरमधून आत गेला तर तिन्ही मशीन 'इनव्हॅलिड' आणि डेटास्टोअरची (मशीनच्या फाइली जिथे असतात त्या जागेची) यादी कोरी.

रात्री फोन आला. "सर, इन्स्टॉल तर सक्सेसफुल म्हणतंय. डेटा उडाला का?"

अशा वेळी पहिला प्रश्न एकच: बॅकअप आहे का? होता, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर आदल्या रात्रीचा. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची: ७.० च्या पडद्यावरून कुठलीही डिस्क फॉरमॅट करू नकोस, नवा डेटास्टोअर बनवू नकोस, रेडच्या बायोसमध्ये जाऊन काही 'क्लिअर' करू नकोस. डेटास्टोअर दिसत नाही म्हणजे गेला असं समजून लोक नवा बनवायला जातात, आणि तेव्हा तो खरोखर जातो.

मग तपास. डिस्क बिघडल्या की रेड मोडलं, हा पहिला संशय. तो दोन मिनिटांत मिटला. सर्व्हर चालू होताना कंट्रोल-आर दाबून पर्कच्या स्वतःच्या बायोसमध्ये गेलं की चारही डिस्क ऑनलाइन आणि व्हर्च्युअल डिस्क 'ऑप्टिमल'. कार्ड जिवंत, डिस्क जिवंत, रेड शाबूत. म्हणजे ईएसएक्सआयलाच दिसत नाही.

तिथे दोन याद्या शेजारी ठेवून पाहायच्या असतात. एक स्टोरेज अडॅप्टरची, दुसरी पीसीआय उपकरणांची, म्हणजे मदरबोर्डला जोडलेल्या कार्डांची. पहिल्या यादीत पर्क नव्हताच. मदरबोर्डचा एएचसीआय (साध्या साटा डिस्कचा कंट्रोलर) आणि एसडी कार्डचा यूएसबी तेवढे होते. दुसऱ्या यादीत मात्र कार्ड हजर, आणि त्याच्यापुढे चार आकडे: १०००:००७३ आणि १०२८:१एफ५१. कार्ड पीसीआय बसवर आहे, पण त्याला हात लावणारा ड्रायव्हरच नाही, हा याचा सरळ अर्थ. हार्डवेअर बिघडलं असतं तर दुसऱ्या यादीतूनही ते गायब झालं असतं.

हे चार आकडे कसे वाचायचे ते इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं प्रकरण त्यांच्यावर उभं आहे. १००० म्हणजे एलएसआय, चिप बनवणारी कंपनी. ००७३ म्हणजे त्या कंपनीची नेमकी चिप, इथे एसएएस२००८, आणि तीही मेगारेड फर्मवेअर चढवलेली. १०२८ म्हणजे डेल, जिच्या नावाने कार्ड विकलं गेलं. १एफ५१ म्हणजे एच३१० मिनी, हे विशिष्ट कार्ड. खोक्यावर 'पर्क' लिहिलेलं असतं, बिलात 'रेड कार्ड' लिहिलेलं असतं, पण ड्रायव्हर यातलं काही वाचत नाही. तो फक्त हे आकडे वाचतो आणि स्वतःच्या यादीत ते नसतील तर गप्प बसतो. चूक दाखवत नाही, लाल दिवा लावत नाही. बहुतेक गोंधळ या गप्पपणातून होतो.

आता ६.७ मध्ये चालणारं कार्ड ७.० मध्ये का चालेना? याचं उत्तर व्हीएमवेअरच्या घरातल्या एका जुन्या व्यवस्थेत आहे. ईएसएक्सआयचा गाभा लिनक्स नाही, तो व्हीएमकर्नल. पण सुरुवातीच्या काळात हार्डवेअरचे ड्रायव्हर लिनक्ससाठी तयार होते आणि व्हीएमकर्नलसाठी नव्हते. म्हणून व्हीएमवेअरने मध्ये व्हीएमकेलिनक्स नावाचा एक दुभाषा बसवला. लिनक्सचा ड्रायव्हर त्याच्याशी लिनक्सच्या भाषेत बोलायचा, आणि तो ते व्हीएमकर्नलला समजेल असं करून सांगायचा. सोय झाली, पण दुभाष्यामुळे वेग आणि स्थैर्य दोन्हींना मर्यादा पडल्या. २०१३ मध्ये ईएसएक्सआय ५.५ सोबत नेटिव्ह, म्हणजे थेट व्हीएमकर्नलसाठी लिहिलेल्या, ड्रायव्हरची पद्धत आली आणि पुढची काही वर्षं दोन्ही एकत्र नांदले. एप्रिल २०२० मध्ये ७.० आला आणि व्हीएमकेलिनक्स पूर्ण काढून टाकला गेला.

यात थोडं कोर्टकचेरीचंही प्रकरण आहे. लिनक्स कर्नलचे एक जुने लेखक क्रिस्तोफ हेलविग यांनी २०१५ मध्ये जर्मनीत हँबुर्गच्या कोर्टात व्हीएमवेअरवर दावा लावला होता. लिनक्सचा जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचा कोड व्हीएमकेलिनक्समधून वापरता, तर त्या परवान्याच्या अटी पाळा, असं त्यांचं म्हणणं. २०१६ मध्ये दावा फेटाळला गेला, २०१९ मध्ये अपीलही. पण व्हीएमवेअरने त्याच सुमारास हा भाग काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. तांत्रिक कारणं मुळात होतीच. वादामुळे निर्णयाला किती जोर मिळाला हा ज्याच्या त्याच्या तर्काचा भाग.

एच३१० वर याचा परिणाम असा झाला. एलएसआयच्या मेगारेड घराण्यात दोन पिढ्या मानायच्या. आधीची, जिच्याशी जुन्या मेगारेड-एसएएस ड्रायव्हरने बोलायचं. नंतरची, एसएएस२२०८ पासूनची, जिला फ्यूजन म्हणतात. नेटिव्ह ड्रायव्हर एलएसआय-एमआर३ लिहिला गेला तो फ्यूजन पिढीसाठी. आर७२० मध्येच जे वरच्या दर्जाचं कार्ड मिळायचं, पर्क एच७१०, ते एसएएस२२०८ चं. म्हणून ते ७.० मध्ये निमूट चालतं. त्याच वर्षी, त्याच सर्व्हरमध्ये, त्याच जागेत बसणारं एच३१० मात्र जुन्या बाजूला राहिलं. ६.७ पर्यंत दुभाष्याच्या जिवावर त्याचं निभावलं. ७.० मध्ये दुभाषा गेला, त्याच्यासोबत तेही गेलं. 'आमचा पण आर७२० आहे आणि सात मस्त चालतो' असं कोणी सांगितलं तर ते खोटं नसतं; त्यांच्याकडे एच७१० असतो, एवढंच.

मग इन्स्टॉलर 'यशस्वी' कसा म्हणाला? कारण त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. ईएसएक्सआय जर रेडच्या डिस्कवरच असता तर अपग्रेड पुढे गेलाच नसता. बूटबँक (ईएसएक्सआयच्या स्वतःच्या फाइलींची जागा) ज्या डिस्कवर आहे तिचा ड्रायव्हर या आयएसओत नाही, असं सांगून इन्स्टॉलर थांबतो. नवं इन्स्टॉलेशन करत असता तर डिस्क निवडायच्या यादीत रेड दिसलंच नसतं आणि माणूस तिथेच सावध झाला असता. इथे बूट एसडी कार्डवर होतं, एसडी कार्ड यूएसबीच्या ड्रायव्हरवर चालतं, तो ड्रायव्हर आयएसओत आहे. इन्स्टॉलरची गरज भागली. तुमची मशीन कुठल्या डिस्कवर आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जी सोय म्हणून केली होती तिनेच अडवणारी पायरी काढून टाकली होती.

तरी पूर्ण अंधार नव्हता. एंटर दाबून ढकललेला तो इशारा नेमका हाच होता: या यंत्रात सपोर्ट नसलेली उपकरणं आहेत, आणि पुढे चौकोनी कंसात हेच चार आकडे. आता १०००:००७३ वाचून 'अरे, हे तर माझं रेड कार्ड' असं कोणाला कळावं? मला त्या मुलाला दोष द्यावासा वाटत नाही. इशाऱ्यात उपकरणाचं नाव लिहिलं असतं तर शनिवारची रात्र वाचली असती.

परतीचा रस्ता हा पुढचा धडा. ईएसएक्सआयमध्ये दोन बूटबँक असतात आणि बूट होताना शिफ्ट-आर दाबून आधीच्या आवृत्तीवर जाता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ६.५ वरून ६.७ सारख्या उड्यांना ते लागूही पडतं. पण ७.० ने बूट डिस्कवरची पार्टिशनची रचनाच बदलली. जुनी छोटी पार्टिशन जाऊन ईएसएक्स-ओएसडेटा नावाची एक मोठी आली. त्यामुळे ६.७ वरून ७.० ला गेलात की मागचं दार बंद. आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप काढून ठेवला असेल तर ६.७ पुन्हा टाकून तो चढवता येतो. तो इथे नव्हता.

मग सोमवार सकाळसाठी काय केलं? नव्या पेनड्राइव्हवर ६.७ कोरा इन्स्टॉल केला. ६.७ वर आल्याबरोबर एच३१० दिसला, डेटास्टोअर जसाच्या तसा आला. ७.० ने त्याला हातच लावला नव्हता, कारण त्याला तो दिसतच नव्हता. त्या गप्पपणाचा एवढा एक फायदा. तिन्ही मशीनच्या व्हीएमएक्स फाइलवरून (तिच्यात मशीनची मांडणी लिहिलेली असते) ती पुन्हा नोंदवली. 'हलवलं की कॉपी केलं' असं ईएसएक्सआय विचारतो तिथे 'हलवलं' सांगायचं. कॉपी सांगितलं तर नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता बदलतो आणि मॅकला बांधलेली लायसन्स रुसून बसतात. व्हर्च्युअल स्विच आणि पोर्ट ग्रुप हाताने बनवावे लागले, आणि नावं हुबेहूब तीच, कारण मशीन नावानेच पोर्ट ग्रुप शोधतं. टॅली चालू झालं. ऑफिसातल्या बाकीच्यांना काही घडल्याचा पत्ताही लागला नाही.

पण ६.७ वर कायम राहता येणार नव्हतं, म्हणून पर्याय मांडले. हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण कागदावर प्रत्येक पर्याय बरा दिसतो.

जुना ड्रायव्हर ७.० मध्ये जबरदस्तीने टाकायचा, हा पहिला. इंटरनेटवर हे सुचवणारे भेटतात. ते होत नाही. ड्रायव्हरची फाइल कोंबता येईलही, पण तो ज्या व्हीएमकेलिनक्सवर उभा राहतो तोच नाही. उत्पादक कंपनीचा खास आयएसओ घेतल्यानेही फरक पडत नाही, तो आधीच घेतलेला होता. खास आयएसओत जादा ड्रायव्हर असतात हे खरं, पण ते सगळे नेटिव्हच.

दुसरा, एच३१० वरचं मेगारेड फर्मवेअर उडवून त्यावर साध्या एचबीएचं (डिस्क नुसत्या जोडून देणाऱ्या कार्डाचं), ज्याला आयटी मोड म्हणतात ते, फर्मवेअर चढवायचं. घरी प्रयोगशाळा मांडणाऱ्यांचा हा आवडता उद्योग. मग कार्डाचा आकडाच बदलतो आणि वेगळा नेटिव्ह ड्रायव्हर ते उचलतो. पण आयटी मोडमध्ये रेड राहत नाही, आणि ईएसएक्सआयकडे स्वतःचं सॉफ्टवेअर रेड नाही. सीए फर्मच्या हिशेबांना एकेकट्या डिस्कवर ठेवायचं? मी हा पर्याय फर्मच्या मॅडमसमोर मांडलासुद्धा नाही.

तिसरा, प्रॉक्समॉक्स, लिनक्सवर उभा असलेला दुसरा हायपरव्हायजर. त्याच्या बुडाशी डेबियन, आणि मूळ लिनक्स कर्नलमधल्या मेगारेड-एसएएसमध्ये ००७३ अजून आहे. म्हणजे कार्ड न बदलता काम झालं असतं. इथे एक गंमत: 'लिनक्स आहे म्हणजे सगळं चालतं' हेही खरं नाही. २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ ने आपल्या कर्नलच्या मेगारेड-एसएएसमधून नेमका ००७३ काढून टाकला, आणि त्याच्यावरून बनलेल्या वितरणांमध्येही ती गळती उतरली. तिथे केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरव्हायजर) मांडायला गेलात तर इन्स्टॉलरला डिस्क सापडत नाही. ईएलरेपो या बाहेरच्या भांडाराची ड्रायव्हर डिस्क जोडावी लागते. प्रॉक्समॉक्सच्या विरोधात गेलं ते दुसरंच. डिस्क व्हीएमडीके या व्हीएमवेअरच्या फाइल-प्रकारावरून बदलून घ्या, विंडोजमध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर घाला, बॅकअपची पद्धत नव्याने बसवा. रिटर्नच्या धावपळीत ऑफिसला ते नको होतं. आज विचारलं तर मी कदाचित वेगळं सांगेन. २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआयवरून थेट आयात करायची सोय आली आहे, आणि ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यानंतर लायसन्सचं गणितही बदललं आहे.

चौथा, कार्डच बदलायचं: एच३१० काढून त्याच जागी एच७१० मिनी. तो घेतला. वापरलेलं कार्ड मिळतं, किंमत नव्या सर्व्हरच्या मानाने किरकोळ. शिवाय एच३१० चं तसंही एक दुखणं होतं. त्याची क्यू डेप्थ, म्हणजे एका वेळी रांगेत घेता येणाऱ्या कामांची संख्या, फक्त २५, आणि कार्डावर कॅश नाही. व्हीसॅन (अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडणारं व्हीएमवेअरचं स्टोरेज) २०१४ मध्ये आलं तेव्हा एच३१० त्याच्या सुसंगत यादीत होता. डिस्क पुन्हा रचायची वेळ आली की हीच पंचवीसची रांग तुंबते आणि मशीन गुदमरतात, हे लोकांना भोगून कळलं. त्याच उन्हाळ्यात व्हीएमवेअरने त्याला यादीतून काढलं. म्हणजे यादीत असणंसुद्धा कायमचं नसतं.

सर्व्हरबद्दलची गोष्ट मॅडमना लेखी दिली: सुसंगततेच्या मार्गदर्शिकेत सर्व्हरची यादी वेगळी असते आणि कंट्रोलरची वेगळी. कार्ड बदलल्याने कंट्रोलरचा प्रश्न सुटतो, जुन्या सर्व्हरच्या अधिकृत सपोर्टचा नाही. त्यांनी ते वाचून सही केली आणि विचारलं, "म्हणजे नवीन मशीन घ्यावंच लागणार, पण या वर्षी नाही, असंच ना?" असंच.

प्रत्यक्ष बदलीच्या दिवशी आधी ताजा बॅकअप, त्यातलं एक मशीन दुसरीकडे उभं करून पडताळणी, मग कार्ड. रेडची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते, म्हणून नवं कार्ड चालू होताना 'फॉरेन कॉन्फिगरेशन' सापडल्याचं सांगतं आणि एफ दाबून ते आयात करता येतं. ते सुरळीत झालं. ईएसएक्सआय ७.० आता एसडीवर टाकला नाही. ओएसडेटावर सतत लिहिलं जातं, एसडी कार्ड ते फार काळ सोसत नाहीत, आणि ७.० च्या पुढच्या अपडेटांमध्ये व्हीएमवेअरनेच एसडीवर बूट करणं नापसंत ठरवलं. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी छोटा एसएसडी बसवला. तो पोर्ट मदरबोर्डच्या एएचसीआयवर असतो, त्याचा नेटिव्ह ड्रायव्हर आहे.

बूट झालं, अडॅप्टरच्या यादीत एलएसआय-एमआर३ सोबत एच७१० दिसला, रेडची डिस्क दिसली. डेटास्टोअर मात्र पुन्हा नाही!

या वेळी कारण वेगळं. कंट्रोलर बदलला की त्याने डिस्कला दिलेली ओळख, म्हणजे एनएए क्रमांक, बदलू शकते. व्हीएमएफएस, म्हणजे डेटास्टोअरची फाइल सिस्टिम, हिच्या शीर्षात जुना क्रमांक लिहिलेला असतो. दोन्ही जुळले नाहीत की ईएसएक्सआय समजतो, ही कोणत्या तरी मूळ डिस्कची स्नॅपशॉट प्रत आहे, आणि सावधगिरी म्हणून ती माउंट करत नाही. स्नॅपशॉट व्हॉल्यूमची यादी पाहिली की तिथे आपला डेटास्टोअर सापडतो. मूळ डिस्क दुसरीकडे कुठे जोडलेली नाही याची खात्री असेल तर जुनीच सही, म्हणजे डेटास्टोअरची ओळख, कायम ठेवून माउंट करायचा. नवी सही दिली तरी डेटा जात नाही, पण नाव बदलतं आणि सगळी मशीन पुन्हा नोंदवावी लागतात. 'डेटास्टोअर दिसत नाही' हे एकच लक्षण एकाच सर्व्हरवर दोनदा आलं आणि दोन्ही वेळा रोग वेगळा. म्हणून मी आधी अडॅप्टर, मग डिस्क, मग व्हॉल्यूम या क्रमानेच पाहतो.

एक टोचणी राहिलीच. वापरलेल्या एच७१० ची बॅटरी मेलेली निघाली. बॅटरी नसली की कार्ड राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर) येतं आणि ५१२ एमबीची कॅश लिहिण्याच्या कामी येत नाही. त्यामुळे टॅली पहिले काही दिवस आधीएवढंच मंद. विकणाऱ्याने कार्ड 'टेस्टेड' म्हणून दिलं होतं, आणि ते टेस्टेड होतंही. बॅटरी बदलल्यावर फाइल सर्व्हरवर मोठे फोल्डर हलवताना फरक डोळ्यांना दिसला.

हीच अडचण इतर रूपांत वारंवार भेटते, त्यातली एक सांगतो कारण छोट्या ऑफिसांत तीच जास्त असते. स्वस्त सर्व्हरमध्ये पर्क एस११० किंवा इंटेलचं मदरबोर्डवरचं रेड असतं. बायोसमध्ये रेड १ बनवता येतं, विंडोजला एकच डिस्क दिसते. ईएसएक्सआय टाकायला गेलं की दोन सुट्या डिस्क दिसतात. ते रेड मुळात चिपमध्ये नसतं, ते विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये असतं, आणि ईएसएक्सआयसाठी तो ड्रायव्हर नाही. इथला धोका एच३१० पेक्षा वाईट, कारण इन्स्टॉलेशन होतं, मशीन चालतात, मालकाला वाटतं आरसा आहे, आणि पहिली डिस्क गेल्यावर कळतं की दुसरी रिकामीच होती.

७.० चाही जनरल सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या ऑफिससाठी नव्या सर्व्हरची कोटेशन मागवताना एक रकाना वाढवला: स्टोरेज कंट्रोलरचं पूर्ण नाव, त्याचे चारही पीसीआय आकडे, आणि कोणत्या हायपरव्हायजरच्या कोणत्या आवृत्तीत कोणता ड्रायव्हर. आलेल्या एका कोटेशनमध्ये त्या रकान्यात फक्त 'यस' लिहिलं होतं. ते बाजूला ठेवलं, बाकीच्यांची तुलना चालू आहे.